सदुसष्टाव्या वर्षी बोलपटात

१. हा म्हातारा कोण?

१९३०च्या दशकातले इंग्रजी चित्रपट बघायची सवय लागली की हा प्रश्न पडतोच. टारझनच्या चित्रपटात नायिकेचा बाप म्हणून एक उंचापुरा गृहस्थ दिसतो. पांढऱ्या झुपकेदार मिशा, त्याहून दाट भुवया, खर्जातला आवाज. चार दिवसांनी ग्रेटा गार्बोचा चित्रपट लावावा, तर तोच गृहस्थ राणीचा जुना सेवक. हिचकॉकचा 'रेबेका' लावावा, तर तिथे तो पोलीसप्रमुख. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अरे, हा परवाचाच की!" नाव मात्र कुणालाच सांगता येत नाही.

नाव सी. ऑब्री स्मिथ. जन्म लंडनचा, २१ जुलै १८६३. हॉलिवूडमध्ये त्याचा जम बसला तो 'द बॅचलर फादर' या बोलपटाने. वेगवेगळ्या बायकांपासून झालेली आपली तीन मुलं उतारवयात गोळा करणारा एक इंग्रज सरदार, अशी ती भूमिका. ब्रॉडवेच्या रंगमंचावर तीच भूमिका त्याने १९२८ साली केली होती, म्हणून चित्रपटालाही त्यालाच बोलावलं. १९३१च्या सुरुवातीला चित्रपट लागला तेव्हा स्वारी सदुसष्ट वर्षांची होती. पुढची सुमारे अठरा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्याला कामाची ददात पडली नाही.

तिशी उलटली की नट्यांना घरी बसवणाऱ्या त्या गावात सत्तरीला टेकलेला माणूस एवढा हवाहवासा का झाला? अभिनय चांगला होता, हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. चांगला अभिनय करणारे म्हातारे लंडनमध्ये पुष्कळ होते. उत्तरातला पहिला भाग यंत्राचा आहे, तेव्हा सुरुवात तिथून करू.

२. आवाज आला म्हणजे नेमकं काय झालं?

'द जॅझ सिंगर' न्यूयॉर्कमध्ये ६ ऑक्टोबर १९२७ रोजी लागला. त्यात गाणी होती आणि थोडं बोलणं. बाकीचा चित्रपट मूकच. पण लोकांनी गर्दी केली, आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेतले जवळजवळ सगळे स्टुडिओ बोलपटाकडे वळले.

मूकपटाचा कॅमेरा बराच काळ हाताने फिरवत. सेकंदाला सोळा चित्रं घेतली काय नि वीस घेतली काय, माणसं जरा भरभर किंवा जरा सावकाश चालताना दिसत, एवढंच. आवाजाला हे चालत नाही. वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलते. बाप्याची बाई होते. म्हणून वेग कायमचा ठरवून टाकला, सेकंदाला २४ चित्रं. हिशेब करून पाहू. नेहमीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं मावतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट, आणि हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांत संपतं. वॉर्नर कंपनी सुरुवातीला आवाज वेगळ्या तबकडीवर भरत असे. एका रिळाचा आवाज एका तबकडीत बसावा म्हणून ती मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेईल अशी केलेली होती.

आता चित्रीकरणाच्या जागी काय गोंधळ उडाला तो बघा. कॅमेरा घरघरायचा, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही एका बंद खोक्यात कोंडलं. आत माणूस घामाने निथळायचा. प्रखर दिवे सूं-सूं करायचे, म्हणून दिवे बदलावे लागले. मायक्रोफोन एका जागी बसवलेला असायचा, कधी फुलदाणीत, कधी टेबलावरच्या दिव्यात. नट दोन पावलं दूर गेला की वाक्य ऐकूच येईना. घोड्यांच्या टापा, धावपळ, मारामाऱ्या हे सगळं काही काळ आवरतं घ्यावं लागलं, आणि पडद्यावर माणसं सोफ्यावर बसून बोलू लागली.

बसल्या जागी बोलून प्रेक्षकाला खिळवून ठेवणं ही रंगभूमीवरच्या नटाची रोजची भाकरी. स्टुडिओंनी न्यूयॉर्कहून नट आगगाड्या भरभरून आणले. त्यात स्मिथ होता, आणि त्याच्या पाठीशी तीस-पस्तीस वर्षांचं नाटक होतं.

एक सावधगिरी मात्र हवी. नाटकवाला आला आणि जिंकला, असं सरसकट झालं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज मायक्रोफोनला झेपत नाही. तिथे मोठ्याने बोलणारा हटकून खोटा वाटतो. बरेच नामांकित नाट्यनट पडद्यावर याच कारणाने आपटले. स्मिथचं बळ असं, की मुळातच त्याच्या बोलण्यात कमालीचा आटोपशीरपणा होता. तो हात फार हलवत नाही. चेहराही फारसा नाही. एक भुवई वर जाते, थोडा थांबतो, आणि मग वाक्य येतं. मायक्रोफोनला आणि जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला हेच हवं होतं.

दुसरी समजूतही इथेच तपासून घेऊ. मूकपटाचे तारे बोलपटात बुडाले ते किरट्या आवाजामुळे, असं सर्रास सांगतात, आणि उदाहरण जॉन गिल्बर्टचं देतात. १९३३चा 'क्वीन क्रिस्टिना' बघावा. त्यात गिल्बर्टचा आवाज चारचौघांसारखा, ऐकायला बरा आहे. बदललं होतं ते इतर बरंच काही. उत्कट प्रेमाचे जे शब्द पूर्वी पडद्यावर लिहून यायचे, ते तोंडाने म्हटल्यावर लोकांना हसू येऊ लागलं होतं. त्या एकाच चित्रपटात तीन नशिबं शेजारी उभी आहेत: उतरणीला लागलेला गिल्बर्ट, आवाजाची परीक्षा पास झालेली गार्बो, आणि परीक्षेला बसायची गरजच नसलेला स्मिथ.

३. त्याआधीची पन्नास-साठ वर्षं

आपल्या वाचकांना स्मिथचं नाव माहीत असेलच तर ते क्रिकेटच्या पुस्तकातून. केंब्रिज विद्यापीठ, मग ससेक्स परगणा, आणि मार्च १८८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथ इथे कसोटी सामना. इंग्लंडचा कर्णधार स्मिथ. पहिल्या डावात त्याने १९ धावांत ५ गडी टिपले, दुसऱ्यात ४२ धावांत २. इंग्लंड ८ गडी राखून जिंकलं. पुढच्या कसोटीला तो तापाने आजारी पडला आणि माँटी बाउडनने संघ सांभाळला. स्मिथ पुन्हा कसोटी खेळलाच नाही. म्हणजे कारकीर्द एका कसोटीची, त्या एकीतही कर्णधार, आणि ती जिंकलेली.

गोलंदाजीला तो भलत्याच कोनातून वळसा घेत धावत येई. कधी कधी म्हणे पंचाच्या पाठीमागून अचानकच उगवायचा. त्यावरून त्याला 'राउंड द कॉर्नर' हे टोपणनाव पडलं. समोरच्याला आपण कुठून येणार याचा पत्ता लागू न देणं ही रंगमंचावरचीही जुनी करामत आहे, पण हा धागा मी फार ताणणार नाही.

सामने संपल्यावर तो बाउडनबरोबर आफ्रिकेतच राहिला. सोन्याच्या खाणींनी झपाटलेल्या जोहान्सबर्गमध्ये दोघांनी शेअर दलालीचा धंदा मांडला. तिथे न्युमोनियाने तो इतका आजारी पडला की तिकडच्या एका वर्तमानपत्राने त्याच्या मृत्यूची बातमीही छापून टाकली. मग इंग्लंडला परत, आणि १८९०च्या दशकात नाटक. १८९५ पासून लंडनच्या रंगभूमीवर, पुढे ब्रॉडवेवर.

मूकपटातही तो १९१५ पासून होता. १९२०च्या सुमाराला लेस्ली हॉवर्ड आणि एड्रियन ब्रुनेल यांनी लंडनमध्ये मिनर्व्हा फिल्म्स नावाची छोटी कंपनी काढली, तिच्या चालकांत स्मिथ होता. कंपनीसाठी छोट्या विनोदी कथा लिहिणारा लेखक ए. ए. मिल्न, म्हणजे पुढे 'विनी द पू' लिहिणारा. कंपनी लवकरच मिटली. मूकपटांनी स्मिथचं नाव केलं नाही यात नवल नाही. त्याचं अर्धं भांडवल त्याच्या गळ्यात होतं.

४. चरित्र नट म्हणजे काय, आणि काय नाही

दुय्यम भूमिका करणारा तो चरित्र नट, अशी ढोबळ व्याख्या आपण करतो. ती पुरत नाही. चरित्र नटांच्या दोन जाती असतात.

पहिल्या जातीचा नट दर चित्रपटात दुसराच कुणी होतो. चार्ल्स लॉटन हा त्यातला. १९३३ साली तो आठवा हेन्री झाला आणि ऑस्कर घेऊन गेला. त्याचा पुढचा चित्रपट बघताना हेन्री आठवतही नाही. दुसऱ्या जातीचा नट दरवेळी तोच असतो, आणि त्याने तोच असावं यासाठीच त्याला पैसे मिळतात. एरिक ब्लोर म्हणजे आगाऊ नोकर, नायजेल ब्रूस म्हणजे गोंधळलेला डॉक्टर वॉटसन, आणि स्मिथ म्हणजे अधिकार. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यात न बघता हात जातो आणि नेमकी मोहरीच हाताला लागते. पात्रं निवडणाऱ्या स्टुडिओच्या माणसाचा हात तसाच स्मिथच्या नावावर जायचा.

याचा कथेला फायदा काय? वेळ वाचतो. चित्रपट असतो सव्वा-दीड तासाचा. नायिकेचा काका मोठ्या घराण्यातला, करारी, पण आतून मायाळू आहे, हे सांगायला नवख्या नटाला तीन प्रसंग लागतील. स्मिथ दारातून आत आला की तिन्ही गोष्टी सांगून झाल्या. 'वॉटर्लू ब्रिज'मध्ये तो असाच येतो, नायकाचा ड्यूक काका म्हणून.

आता एकाच वर्षाचा, १९३२चा, ताळा घेऊ. 'टारझन द एप मॅन'मध्ये तो आफ्रिकेत व्यापार करणारा जेम्स पार्कर, जेनचा बाप, हत्तींच्या स्मशानाच्या शोधात निघालेला. 'लव्ह मी टुनाइट'मध्ये फ्रान्समधल्या एका किल्ल्याचा ड्यूक. 'ट्रबल इन पॅराडाइज'मध्ये पॅरिसच्या एका अत्तर कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष. तीन भूमिका, तीन पोशाख, भुवया त्याच.

'लव्ह मी टुनाइट' मधली एक जागा सोडून पुढे जाववत नाही. मॉरिस शेव्हालिए 'मिमी' नावाचं एक उडतं गाणं नायिकेला ऐकवतो. मग दुसऱ्या सकाळी किल्ल्यातल्या एकेकाच्या तोंडी तेच गाणं येतं, आणि आपला हा खानदानी म्हातारा झोपेतून उठल्या उठल्या खुशीत ते म्हणताना दिसतो. मिशा थरथरताहेत, सूर जेमतेम लागतोय. मजा गाण्याची नाही, हा माणूस ते गातोय याची आहे. ठरलेला साचा नसता तर हा विनोद झालाच नसता.

'ट्रबल इन पॅराडाइज' मध्ये दिग्दर्शक लुबिचने साचाच उलटा घातला. कंपनीची मालकीण विधवा, श्रीमंत आणि हिशेबाच्या बाबतीत उदार. अध्यक्षमहाशय कुटुंबाचे जुने स्नेही. चेहरा असा की तिजोरीच्या किल्ल्या बिनधास्त हाती द्याव्यात. प्रत्यक्षात हाच माणूस वर्षानुवर्षं कंपनीला लुटतो आहे. आणि त्याला ओळखतो कोण, तर खोट्या नावाने मालकिणीचा सचिव होऊन राहिलेला एक व्यावसायिक चोर. दोघे समोरासमोर येतात तो प्रसंग बघण्यासारखा आहे. स्मिथ इथे खलनायकासारखं काहीही करत नाही. बाप झाल्यावर जसा बोलतो, काका झाल्यावर जसा बोलतो, तसाच बोलतो. फक्त वाक्यावाक्यांमधली थांबायची जागा किंचित लांबते. शेवटी त्याच्यावर पोलीस येत नाहीत, कारण तो प्रतिष्ठित. पोलिसांची भीती आहे ती त्या दुसऱ्या चोराला. माझ्या मते स्मिथचं सर्वांत चांगलं काम हेच, जरी त्यात त्याला मिनिटं थोडीच मिळाली.

५. एका वर्षात इतके चित्रपट कसे?

हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर सोपं आहे. चित्रपट कथेच्या क्रमाने घेत नाहीत, नेपथ्याच्या क्रमाने घेतात. समजा, एका चित्रपटात ड्यूकचे सहा प्रसंग आहेत, चार दिवाणखान्यात आणि दोन ग्रंथालयात. मग दिवाणखाना उभा केला की ते चारही सलग उरकायचे, ग्रंथालयाचे दोन त्यानंतर. आठवडा-दहा दिवसांत ड्यूक मोकळा. नायक मात्र सगळ्याच नेपथ्यांत असतो, म्हणून तो दीड-दोन महिने अडकून पडतो. शिवाय चित्रपट पडला तर खापर नायकाच्या माथी फुटतं. काकाला कुणी बोल लावत नाही. नायकाची सद्दी पाच-सात वर्षांची, काकाची मरेपर्यंतची.

६. साम्राज्याचा मुखवटा

इथवर सगळं कौतुकाचं झालं. पण स्मिथचे चित्रपट आपण इथे बसून पाहतो तेव्हा एक गोष्ट टोचते, आणि ती टोचायलाच हवी.

१९३०च्या दशकात हॉलिवूडला ब्रिटिश साम्राज्याचं भारी वेड लागलं. ब्रिटनची बाजारपेठ मोठी होती हे एक कारण. आणि लाल कोट, तोफा, खिंडी हे सगळं आयतं नाट्यमय सामान होतं हे दुसरं. 'द लाइव्ह्ज ऑफ अ बेंगॉल लान्सर' (१९३५) मध्ये स्मिथ वायव्य सरहद्दीवरच्या पलटणीचा मेजर हॅमिल्टन आहे. कर्नल कडक, तरुण अधिकारी बंडखोर, आणि दोघांना समजून घेणारा मधला माणूस स्मिथ. त्याच वर्षीच्या 'क्लाइव्ह ऑफ इंडिया'मध्ये तो ब्रिटनचा पंतप्रधान. १९३७च्या 'वी विली विंकी' मध्ये सरहद्दीवरचाच कर्नल, शर्ली टेंपलचा आजोबा.

या चित्रपटांतला हिंदुस्थान बराचसा कॅलिफोर्नियात उभारलेला. सविनय कायदेभंगाच्या लाठ्यांचे वळ अजून ताजे होते, पण पडद्यावर ते कुठेच नाहीत. राज्य चाललंय ते एका कनवाळू, मिशाळ, शिस्तप्रिय म्हाताऱ्याच्या भरवशावर, आणि एवढ्या भल्या माणसाशी कुणी भांडेल कशाला, असा सगळा आव. स्मिथ यातलं काही मुद्दाम करत होता असं मला वाटत नाही. त्याचा चेहरा काम करत होता. आपल्याकडे लोकांना हे कळत नव्हतं असंही नाही. १९३८ साली सरहद्दीवरच बेतलेला अलेक्झांडर कोर्डाचा 'द ड्रम' मुंबईत लागला तेव्हा त्याविरुद्ध निदर्शनं झाली. स्मिथ त्यात नव्हता, पण कोर्डाच्या पुढच्याच वर्षीच्या साम्राज्यपटात, 'द फोर फेदर्स' मध्ये, होता.

आणि गंमत अशी, की या साम्राज्याच्या मुखवट्याची खिल्ली तिथेच उडवलेली सापडते. 'द फोर फेदर्स'मध्ये स्मिथ झालेला जनरल बरोज हा निवृत्त सेनानी जेवणाच्या टेबलावर क्रिमियाच्या युद्धातली आपली मर्दुमकी सांगतो. अक्रोड मांडून रशियन तोफा करतो, तांबड्या वाईनची रेघ ओढून इंग्रज पायदळ, अननस म्हणजे सरसेनापती, आणि मग आपण हल्ल्याचा हुकूम कसा दिला ते. घरच्यांनी ही कथा हजारदा ऐकलेली. शेवटी भावी जावई त्याला सगळ्यांदेखत धरतो: हुकूम कुणी दिलाच नव्हता, घोडा बिथरून उधळला आणि जनरलसाहेब त्याच्या पाठीवर होते, एवढंच. त्या क्षणी स्मिथच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते शंभर चित्रपटांत कमावलेल्या त्या रुबाबाशिवाय उमटलं नसतं.

७. हॉलिवूडमधलं क्लबघर

पडद्याबाहेरही तो तीच भूमिका जगत होता. १९३२ साली त्याच्या पुढाकाराने हॉलिवूड क्रिकेट क्लब उभा राहिला. ग्रिफिथ पार्कातल्या मैदानासाठी गवताचं बी इंग्लंडहून मागवलं होतं. बोरिस कार्लोफ, म्हणजे पडद्यावरचा फ्रँकेनस्टाइनचा राक्षस, तिथे खेळायचा. डेव्हिड निव्हन, नायजेल ब्रूस, लॉरेन्स ऑलिव्हिए यांचीही हजेरी असे. नवा इंग्रज नट गावात आला की त्याला मैदानावर येण्याचं फर्मान सुटे, आणि ते टाळणं शहाणपणाचं नसे. त्याच वर्षी दौऱ्यावर आलेला ऑस्ट्रेलियाचा संघ, डॉन ब्रॅडमनसह, या मंडळींशी खेळून गेला.

तिथला एक किस्सा नेहमी सांगतात. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या स्मिथच्या हातून झेल सुटला. त्याने खेळ थांबवून बटलरला चष्मा आणायला पाठवलं. चष्मा आला, चढवला, पुढचा सोपा झेलही सुटला. स्मिथ कडाडला, की गाढवाने वाचायचा चष्मा आणला! किस्सा खरा असो की रचलेला, तो सांगताना बटलर गाळून चालत नाही.

मलहॉलंड ड्राइव्हवरच्या त्याच्या घराचं नाव होतं 'द राउंड कॉर्नर'. या इंग्रज वसाहतीची चेष्टा करायची संधी कादंबरीकार ईव्हलिन वॉने सोडली नाही. 'द लव्ह्ड वन' (१९४८) मधला सर अँब्रोज ॲबरक्रॉम्बी स्मिथवरूनच घेतलेला आहे असं मानतात. 'सर' ही पदवी खऱ्या स्मिथला १९४४ साली मिळाली, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या स्नेहासाठी.

८. कुठला चित्रपट आधी पाहावा?

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्यपटांची मागणी ओसरली, कर्नलांची भरती कमी झाली. तरी १९४५च्या 'अँड देन देअर वेअर नन'मध्ये तो आहे, निर्जन बेटावर अडकलेल्या दहांपैकी एक जनरल. २० डिसेंबर १९४८ रोजी बेव्हर्ली हिल्समध्ये तो वारला. शेवटचा 'लिटल विमेन' त्यानंतर, १९४९ साली लागला. त्यात तो शेजारचा श्रीमंत म्हातारा मिस्टर लॉरेन्स.

नव्याने बघणाऱ्याने टारझनपासून सुरुवात करू नये. तिथे त्याला करण्यासारखं फारसं नाही. आधी 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' (१९३६) पाहावा. त्यात तो नातवाच्या लळ्याने हळूहळू विरघळणारा खडूस अर्ल आहे, आणि साचा काय होता तो पूर्ण कळतो. मग 'द फोर फेदर्स', अक्रोडांसाठी. आणि 'ट्रबल इन पॅराडाइज' सर्वांत शेवटी. इतक्या चित्रपटांत याच्यावर विश्वास टाकायची सवय लागल्यावर अत्तर कंपनीचा तो अध्यक्ष जसा फसवतो, तसा तो एरवी फसवत नाही.